‘वाचले व समजले’ : कार्यालयातील माहितीची सुरक्षा आणि आपण

(संस्थेच्या नोकरदार व विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे अधिकारी आणि प्राध्यापक बोलून गेले आहेत. आम्ही बँकेतील एक साधे कारकून. शिक्षण म्हणाल तर कला शाखेची पदवी. संगणकाचे शास्त्र आम्हाला येत नाही. तरीही संस्थेने आम्हाला या विषयावर बोलण्यास सांगितले, याचे कारण इतकेच की या विषयाचा चटका आम्ही स्वतः सोसला आहे.

आपल्या वस्तीतील मुले-मुली आज मोठ्या संख्येने संगणकासमोर बसून नोकरी करीत आहेत. कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत, कुणी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, तर कुणी कॉल सेंटरमध्ये. बरेचसे कंत्राटी पद्धतीवर. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात या सर्वांपुढे एक कागद सहीसाठी येतो. कार्यालयातील माहिती कशी सांभाळावी, पासवर्ड कसा ठेवावा, कोणता कागद बाहेर नेऊ नये, असे बरेच काही त्यात लिहिलेले असते. आणि अगदी शेवटी एक ओळ असते : ‘मी वरील सूचना वाचल्या व समजल्या.’ तिच्याखाली आपली सही.

मित्रांनो, आज आम्ही त्या एका ओळीविषयी बोलणार आहोत. कारण ती ओळ बहुतेक वेळा खोटी असते, आणि ती खोटी आहे हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

आम्ही २००६ साली बँकेत लागलो. आमचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. खुर्चीवर बसून नोकरी करणारे घरातले आम्ही पहिलेच. त्यामुळे साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढाच नोकरीचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. हेड ऑफिसकडून आलेली परिपत्रके एका फाइलीत लावलेली असत. शिपाईमामा ती फाइल घेऊन काउंटरवर येत. समोर पेन्शनरांची रांग. मामा म्हणत, “सही करा लवकर, साहेबांनी फाइल मागवलीय.” आम्ही एका दमात आठ-दहा कागदांवर सह्या करून मोकळे होत असू. एकही कागद वाचलेला नसे.

बँकेत एक जुना नियम आहे. व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि ती तपासून मंजूर दुसऱ्याने करायची. आम्ही त्याला ‘पासिंग’ म्हणतो. नोंद कारकुनाच्या आयडीने होते, पासिंग अधिकाऱ्याच्या. २००९ सालातील गोष्ट. महिन्याचा पहिला आठवडा, शाखेत पाय ठेवायला जागा नाही. आमच्या साहेबांना अचानक मीटिंगला जावे लागले. जाताना त्यांनी आपला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून आमच्या हातात दिला. म्हणाले, “रांग थांबवू नका. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून देतोय.” ‘विश्वास’ हा शब्द ऐकून आमची छाती फुगली. तीन वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा शब्द आम्हाला कुणी दिला नव्हता. पुढे ती सवयच झाली. कित्येक महिने नोंदही आम्हीच करीत होतो आणि पासिंगही आम्हीच.

एके दिवशी घाईत खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला. बेचाळीस हजार रुपये भलत्याच खात्यात जमा झाले. पासिंग करणारे दुसरे डोळे असते, तर ती चूक तिथेच सापडली असती. पण दोन्ही जागी डोळे आमचेच होते. आठ दिवसांनी ग्राहक तक्रार घेऊन आला. पैसे परत मिळाले, कुणाचे नुकसान झाले नाही. परंतु तपासणीत असे निघाले की त्या वेळी साहेब शाखेत नव्हतेच. मग पासिंग केले कुणी? आमच्या हातात मेमो पडला. मेमोसोबत परिपत्रकाच्या पानाची प्रत होती, आणि त्यावर आमची सही. चौकशीत आम्हाला मुख्य प्रश्न एकच होता : “ही सही तुमचीच ना?”

साहेबांवरही कारवाई झाली. आम्ही लेखी ताकिदीवर सुटलो. पण ते तीन महिने आम्ही रात्री झोपलो नाही. वडिलांनी विचारले, “चोरी केलीस का?” आम्ही म्हणालो, “नाही.” ते म्हणाले, “मग कागद कसला आला?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. साहेबांची आज्ञा पाळली म्हणून कागद आला, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते आम्हालाही पटत नव्हते.

दोष आमचा होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु तेवढ्यावर थांबलो तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होईल. ते परिपत्रक चौदा पानांचे होते. सरकारी बँकांची परिपत्रके राजभाषा कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीत निघतात, मराठीत नव्हे. ‘पासवर्ड कुणालाही देऊ नये’ हे वाक्य त्यात अकराव्या पानावर होते. का देऊ नये, हे चौदाही पानांत नव्हते. पासवर्ड म्हणजे आपली सही. तो दुसऱ्याला देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे, आणि दुसऱ्याचा घेणे म्हणजे त्याची सही आपल्या हाताने करणे. हे एक वाक्य कुणी आम्हाला सांगितले असते, तर ती चिठ्ठी आम्ही हातात घेतली नसती. नियम होता, सहीही होती. फक्त नियम आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

आता कुणी म्हणेल, ही एका शाखेतली किरकोळ गोष्ट झाली. म्हणून एक मोठे उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला. तिचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवलेले होते. चोरट्यांनी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून पैसे हलविण्याचे ३५ बनावट आदेश पाठविले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले आणि बहुतांश गडप झाले. चोर आत शिरले कसे? अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ साली दाखल केलेल्या तक्रारीनुसार, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने बँकेच्या कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठविले गेले होते, ‘माझा बायोडाटा पाहावा’ अशा विनंतीचे. विचार करा, अशी विनंती कोण नाकारील?

या घटनेत आणखी दोन गोष्टी आहेत. यंत्रणेचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला सकाळी बंद आढळला. तो चोरट्यांनीच निकामी केला होता. पण प्रिंटर काय, नेहमीच बिघडतो, असे समजून तेथील मंडळींनी सुरुवातीला ते मनावर घेतले नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावाने निघालेले २ कोटी डॉलर अडले. कारण ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या जागी ‘फँडेशन’ असे लिहिलेले होते आणि ती चूक मधल्या एका बँकेत लक्षात येऊन विचारणा झाली. कोट्यवधींची यंत्रे जे अडवू शकली नाहीत, ते एका स्पेलिंगने अडवले. म्हणजे कुंपण भेदले गेले ते माणसापाशी, आणि जे वाचले तेही माणसामुळेच.

आपल्याकडेही हे घडले आहे. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांची सुटी. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले. सोमवारी पुन्हा स्विफ्टवरून हाँगकाँगला रक्कम पाठविली. एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ढाक्याला शुक्रवारची सुटी, पुण्याला शनिवारची. चोर आपले कॅलेंडर आपल्यापेक्षा नीट वाचतो.

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजीच व्यापारी बँकांना परिपत्रक पाठवून सांगितले होते की सायबर सुरक्षेचे धोरण वेगळे करा, ते संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या आणि सर्व थरांत जागृती करा. धोरणे झाली. पण जागृती म्हणजे काय? आमच्या अनुभवाने सांगतो, बहुतेक ठिकाणी जागृती म्हणजे भिंतीवर एक पोस्टर, वर्षातून एकदा संगणकावर दहा प्रश्नांची परीक्षा, आणि ती पास झाल्याचे प्रमाणपत्र. परीक्षेची उत्तरे शाखेत सर्वांना पाठ असतात. एक जण सोडवतो, बाकीचे उतरवतात. त्या परीक्षेतही ‘पासवर्ड कुणाला सांगाल?’ हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शेजाऱ्याला विचारून लिहिले जाते!

मग नियम पोहोचवावा कसा? आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट भाषेची. ज्याने नियम पाळायचा, त्याच्या भाषेत तो सांगितला पाहिजे. आमच्या शाखेत सुरक्षा रक्षक आहेत, सफाई करणाऱ्या मावशी आहेत, चहा आणणारा मुलगा आहे. माहिती यांच्याही हाताखालून जाते. ग्राहकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, पॅन कार्डाच्या प्रती, चुकलेले फॉर्म टेबलाखालच्या टोपलीत पडतात, तेथून रद्दीत जातात, आणि रद्दीतला कागद उद्या कुणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही. मावशींना आम्ही एकदा सांगितले, “मावशी, या कागदावर ज्याचे नाव आहे, त्याच्या नावाने कुणीही सिम कार्ड घेऊ शकतो, कर्ज काढू शकतो.” मावशी म्हणाल्या, “अगं बाई, मग हे आधी का नाही सांगितलं?” त्या दिवसापासून कागद फाडल्याशिवाय त्या टोपली बाहेर नेत नाहीत. आम्हाला मात्र दोन वेळा ओरडा बसला आहे!

दुसरी गोष्ट कारणाची. कारण सांगितले की नियम लक्षात राहतो. नुसता हुकूम दिला की पळवाट सुचते. आणि कारण सांगायला बसले की नियम करणाऱ्यालाही आपला नियम तपासावा लागतो. अमेरिकेतील मानके ठरविणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाचे अधिकारी होते. २००३ साली त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनातून पासवर्डमध्ये मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे घालावीत आणि तो वरचेवर बदलावा, ही पद्धत जगभर पसरली. २०१७ साली, निवृत्तीनंतर, आपल्या त्या सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्यांनी बोलून दाखविले. कारण माणसे तोच पासवर्ड ठेवून शेवटचा आकडा तेवढा बदलतात. त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये असे सांगितले. आपल्या कार्यालयात बदलण्याचा नियम असेल तर तो जरूर पाळावा. पण ज्याला पाच यंत्रणांचे पाच पासवर्ड दर महिन्याला बदलायचे आहेत, तो ते कुठेतरी लिहून ठेवणार, हे नियम करणाऱ्यानेही ओळखावे. पाळता येण्याजोगा नियमच पाळला जातो.

तिसरी गोष्ट साहेबांची. नियम वरून खाली पाळला गेला तरच पोहोचतो. साहेबच चिठ्ठीवर पासवर्ड देत असतील, तर भिंतीवरचे पोस्टर कोण वाचणार? हाताखालचा माणूस परिपत्रक वाचत नाही, तो साहेबांना वाचतो. म्हणून जे अधिकारी पदावर आहेत, त्या सभासद बंधूंना आमची हात जोडून विनंती आहे की सोयीसाठी किंवा विश्वास म्हणून हाताखालच्या माणसाला असे काम सांगू नका. तो नाही म्हणू शकत नाही. त्याची नोकरी कंत्राटी असेल तर मुळीच नाही.

चौथी गोष्ट भीतीची. आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत डेटा एंट्रीसाठी एक मुलगी कंत्राटावर होती. तिला एक ई-मेल आला, ‘वेतन फरकाचा तपशील सोबत जोडला आहे’ असा. तिने उघडला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा ठीक झाला. आपले काहीतरी चुकले, हे तिला कळले. पण तिच्या समोरच्याच भिंतीवर पोस्टर होते : ‘नियमभंग करणाऱ्यावर कठोर कारवाई करण्यात येईल.’ ती दोन दिवस गप्प राहिली. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. तिसऱ्या दिवशी शिपाईमामांनी आम्हाला सांगितले, “पोरगी जेवत नाही, बघा जरा.” विचारल्यावर तिला रडू कोसळले. आम्ही लगेच व्यवस्थापकांना सांगितले, तिचा संगणक जोडणीतून काढण्यात आला, तपासणी झाली. सुदैवाने पुढे काही पसरले नव्हते.

भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने असे ठरविले आहे की सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी. कायदा ६ तास म्हणतो, आणि आमच्या शाखेत दोन दिवस गेले. ते दोन दिवस कुणी घालवले? त्या मुलीने की त्या पोस्टरने?

आमचे तेव्हाचे व्यवस्थापक भला माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांना बोलावले आणि सांगितले, “हिने सांगितले म्हणून आपण वाचलो. यापुढे चूक सांगणाऱ्याला मेमो नाही, लपविणाऱ्याला आहे.” ते पोस्टर उतरले. त्या जागी काय लावावे, असा प्रश्न आला तेव्हा ते काम आमच्याकडे आले. संगणकाचे शास्त्र येत नसले तरी मराठी येते, म्हणून आम्ही एका कागदावर पाच ओळी लिहिल्या : आपला पासवर्ड ही आपली सही आहे, ती कुणाला देऊ नका, साहेबांनाही नाही. अनोळखी ई-मेल उघडण्याआधी शेजाऱ्याला दाखवा. जागेवरून उठताना पडदा बंद करा. ग्राहकाचा कागद फाडल्याशिवाय टाकू नका. चूक झाली तर लगेच सांगा, आपण मिळून निस्तरू. तो कागद अजून भिंतीवर आहे. त्यातली शेवटची ओळ लोक बोट ठेवून वाचतात.

आता थोडे आपल्या घरचे. आपली संस्था दरवर्षी विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुकाची प्रत, सर्व आपल्या कपाटात जमते. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची यादी, नाव, मोबाइल आणि खाते क्रमांकासह, आम्ही स्वतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली. हेतू चांगला होता. परंतु पुढे दोन मुलांना फोन आले, “शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा.” यादी तिथूनच गेली की आणखी कुठून, हे सांगता येणार नाही. पण आमची मान खाली गेली. एका मुलाने ओटीपी सांगितला. त्याच्या खात्यातले अकराशे रुपये गेले. अकराशे म्हणजे त्याचा महिन्याचा एस.टी. पास होता. शिवाय जातीचा दाखला हा असा कागद आहे की तो भलत्या हाती पडला तर भाड्याच्या खोलीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत त्याचा कसा उपयोग होतो, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. परंतु कायद्याची वाट कशाला पाहायची? कपाटाला कुलूप असावे, किल्ली एकाकडे असावी, काम संपलेल्या झेरॉक्स परत द्याव्यात किंवा फाडाव्यात, यादी ग्रुपवर जाऊ नये. एवढे तर आपण या सभेपासून सुरू करू शकतो. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. उद्या तुम्ही नोकरीला लागाल. तो कागद तुमच्या पुढे येईल. सही करण्यापूर्वी, “साहेब, घरी नेऊन वाचू का?” एवढे विचारा. कळले नाही तर विचारा, आणि लाजू नका. विचारणारा अडाणी दिसतो, हा समज आपल्यासारख्यांच्या मनात खोल बसला आहे. खरे तर न विचारता सही करणाराच पुढे अडकतो. आणि कुणी पासवर्ड मागितलाच, तर भांडू नका. नम्रपणे म्हणा, “साहेब, तुमच्यावरही किटाळ येईल, माझ्यावरही. आपण हेल्प डेस्कला विचारून घेऊ.” नियम हे आपल्यासारख्याचे बळ आहे. ज्याच्या मागे कुणी वशिला नाही, त्याला नाही म्हणायला नियमाचाच आधार असतो. पण त्यासाठी तो आधी माहीत हवा.

आमचे वडील आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आज देता आले असते. आम्ही म्हटले असते, “आबा, चोरी नाही केली. न वाचता ‘समजले’ म्हणून सही केली.” ते उत्तर तुमच्यापैकी कुणाला आपल्या घरी द्यावे लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम.